पालकांचे प्रश्न : मुलीसाठी विज्ञानाचे खेळणे कसे निवडावे?

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. बंद पडलेली बॅटरी, जुना रिमोट, आजोबांचे बिघडलेले घड्याळ असे काही हाती लागले की ती ते उघडून बसते. वाढदिवसाला मात्र तिला बाहुल्या आणि नेलपॉलिशचे संच येतात. या वेळी आम्ही स्वतः खेळणे आणायचे ठरवले, तर दुकानदाराने ‘मुलींसाठी विज्ञान’ असे लिहिलेला साबण तयार करण्याचा गुलाबी डबा दाखवला. दुसरा पर्याय होता चार हजार रुपयांचा रोबोटिक्सचा संच. सासूबाईंच्या मते दोन्ही खर्च वायफळ आहेत आणि असले खेळ मुलग्यांचे असतात. आम्ही काय घ्यावे? — एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या मुलीला काय आवडते ते तिने तुम्हाला आधीच सांगितले आहे, तेव्हा निम्मा प्रश्न सुटलेला आहे. तिला उघडून पाहायचे आहे. म्हणून जे उघडता येते, बिघडवता येते आणि पुन्हा जोडता येते असेच खेळणे आणावे. या कसोटीवर दुकानातले दोन्ही डबे मला कमी पडलेले दिसतात.

गुलाबी डब्याला माझा विरोध रंगामुळे नाही. तेल आणि अल्कली यांच्यापासून साबण होणे हे उत्तम रसायनशास्त्र आहे. परंतु अशा संचांत बहुधा आधीच तयार झालेला साबण वितळवून साच्यात ओतायचा असतो आणि त्यात रंग व सुगंध मिसळायचा असतो, म्हणजे रसायनशास्त्र कारखान्यातच उरकलेले असते. चार हजारांचा रोबो पुस्तिकेबरहुकूम जोडला की एकाच तऱ्हेने चालतो आणि मग शोकेसमध्ये जाऊन बसतो, असा अनुभव अनेक घरांत येतो. ज्याचे सुटे भाग मिळतात आणि ज्याच्यापासून पुस्तिकेत नसलेल्या वस्तूही करता येतात असा संच सापडला, तर तो दोन वर्षांनी अवश्य घ्यावा. आज त्याची घाई नाही.

आज घ्यायचाच तर पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चाके आणि पाना असलेला मेकॅनोचा साधा संच घ्यावा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1901 मध्ये या खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे कित्येक वर्षे त्याच्या जाहिरातींत मुलगेच झळकत राहिले, हे तुमच्या सासूबाईंच्या मताचे एक मूळ असू शकेल. जोडीला एक खरा, लहान मुठीचा स्क्रू ड्रायव्हर द्यावा; प्लॅस्टिकचा नको, कारण त्याने एकही स्क्रू निघत नाही आणि मूल स्वतःलाच दोष देऊ लागते.

याहून चांगली खेळणी जवळजवळ फुकट होतात. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरमधून शिकलेले अभियंते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली आणि त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली एक गोष्ट आजच करून पाहावी. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) आणून तिचे छोटे तुकडे करावेत, आणि गूल खरवडून काढलेल्या आगकाड्या त्यांत खुपसून सांधे जोडत एक चौकोन आणि एक त्रिकोण तयार करावा. बोटाने दाबल्यावर चौकोन एका बाजूला कलंडतो, त्रिकोण मात्र हलत नाही. चौकोनात कर्णाची एक काडी (ती थोडी लांब लागते, हे तिला स्वतःलाच कळू द्यावे) बसवली की तोही ताठ उभा राहतो. त्यानंतर रेल्वेचा लोखंडी पूल किंवा विजेचा मनोरा दिसला की त्यातले त्रिकोण तीच तुम्हाला दाखवील.

थोडे पुढे जायचे असेल तर दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वाइंडिंगची (वीजरोधक लेप असलेली) तांब्याची तार एवढ्या साहित्यात मोटर होते. तारेच्या वेटोळ्याचे एक टोक पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्या टोकाचा लेप फक्त अर्ध्या बाजूचा काढायचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे थरथरते, पण फिरत नाही, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर त्याला उलटे ढकलू लागतो. माझा आग्रह असा की मुलीला प्रथम दोन्ही टोके खरवडू द्यावीत. मोटर का अडली हे शोधण्यात जी संध्याकाळ जाईल, ती या खेळण्याची खरी किंमत आहे.

खेळण्याइतकेच महत्त्व शेजारी बसणाऱ्या माणसाला आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की संग्रहालयातील वैज्ञानिक प्रयोग पाहताना पालक मुलींच्या तुलनेत मुलग्यांना तिपटीने अधिक वेळा कार्यकारणभाव समजावून सांगत होते. 2017 मधील दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आपल्याच गटाला (मुली मुलींना, मुलगे मुलग्यांना) ‘फार हुशार’ मानताना मुलग्यांच्या मागे नव्हत्या. सहा-सात वर्षांच्या मात्र मागे पडू लागल्या होत्या. तुमची मुलगी नेमक्या याच वयाच्या पुढे उभी आहे. म्हणून स्क्रू अडला की तिच्या हातातून वस्तू काढून घेऊन बाबांकडे देऊ नये.

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा येत्या दिवाळीत किल्ल्याचे काम मुलीकडे सोपवावे. तो तर आपल्याच अंगणातला स्थापत्याचा वर्ग आहे. बहुतेक घरांत मुली रांगोळीला आणि मुलगे मातीत, अशी वाटणी आपोआप होते. किती उतार ठेवला की माती घसरत नाही, दगड आणि गोणपाट कुठे लावायचे, आळीव किती दिवस आधी पेरायचे, हे तिला ठरवू द्यावे. सलाइनच्या नळीचे कारंजे करताना बादली स्टुलावरून माळ्यावर गेली की धार उंच उडते, आणि काही केले तरी बादलीतल्या पाण्याच्या पातळीवर ती जात नाही, हे आजीनेही पाहावे. बाहुल्या काढून घेण्याचे तर काहीच कारण नाही. बाहुलीसाठी दिवा लागणारे घर बांधणारी मुलगी वायरिंगच करत असते.

प्रश्न : नात चार वर्षांची आहे. तिच्यासाठी चुंबकाच्या रंगीत फरशांचा संच घ्यावा का? — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : अवश्य घ्यावा; आकार आणि तोल यांची समज अशा ठोकळ्यांनी वाढते. मात्र आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावा. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना सूट असल्याने लाकडी खेळण्यावर ते नसेल, तर रंग कोणता वापरला ते विचारावे. सुट्या चुंबकाच्या गोळ्या मात्र घरात आणू नयेत. अशा दोन गोळ्या गिळल्या गेल्या तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकते. फरशीचे प्लॅस्टिक तडकलेले दिसले की ती त्याच दिवशी काढून टाकावी, आणि बटण सेलचे खेळणे असेल तर सेलचे झाकण स्क्रूने बंद होते ना, हे दुकानातच पाहावे.