सत्र माझं, मग बोलावणंही मीच करायचं?

‘परिषदेत बोलायला बोलावलंय, पण माझं ऐकायला या असं लोकांना कसं सांगू? मिरवल्यासारखं वाटतं.’ ही अडचण नवख्यांपेक्षा अनुभवी माणसांनाच जास्त छळते. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या ताईंचंही तेच होतं. विषय ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमधली पोरॉसिटी, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबाने भरून केलेल्या पार्टमध्ये राहणारी बारीक छिद्रं; वेळ जेवणानंतरची, शेजारच्या हॉलमध्येही त्याच वेळी सत्र.

आयोजकांचं फोटोवालं कार्ड त्यांनी लिंक्डइनवर टाकलं होतं. अभिनंदनं भरपूर आली, ‘येतो’ असं कुणीच लिहिलं नाही. लिहिणार तरी कसं? कार्डावर नाव, पद, कंपनी सगळं होतं. ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार, तेवढंच नव्हतं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्टही वाया गेली. आपला नंबर ज्यांच्याकडे सेव्ह असतो त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि बऱ्याच पुरवठादारांकडे ताईंचा नंबर सेव्ह नव्हता.

आम्ही ताईंना विचारलं, या विषयावरून कारखान्यात वाद कधी पेटतो? उत्तर तयारच होतं. कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं. मशिनिंगमध्ये, म्हणजे यंत्रावर कापून नेमका आकार देताना, वरचा घट्ट थर निघाला की आतली छिद्रं उघडी पडतात, पार्ट लीक टेस्टला (गळतीच्या तपासणीला) नापास होतो, आणि फाउंड्री (ओतकाम विभाग) व मशीन शॉप दोष एकमेकांवर ढकलतात. छिद्रं अडकलेल्या गॅसची की धातू थंड होताना आकसल्याची (श्रिंकेज), हाच खरा प्रश्न. त्यातूनच मेसेज झाला:

‘लीक टेस्टचं रिजेक्शन गॅसमुळे की श्रिंकेजमुळे? छिद्र गोल-गुळगुळीत की दातेरी, यावरून कसं ओळखायचं ते कापलेल्या पार्टवर दाखवणार आहे. गुरुवार, दुपारी २.१५, हॉल ३. तुमचा प्रश्न आधी पाठवलात तर तोही घेते.’

इथे बढाईला जागाच नाही, त्यामुळे ताईंचा संकोच बराच गळाला.

पुढचं काम क्रमाचं. पार्टचे फोटो दाखवायचे तर आधी कंपनीची आणि ग्राहकाची लेखी परवानगी; ही ऐन वेळी अडते. साधारण दहा दिवस आधी लिंक्डइन पोस्ट, आणि प्रश्न पहिल्याच ओळीत, कारण दोन-तीन ओळींनंतरचा मजकूर ‘अधिक’खाली दडतो. मग ज्यांना हा त्रास खरंच आहे अशा पंधरा-वीस जणांना नावानिशी वेगवेगळा मेसेज. सरसकट ग्रुपवर टाकलेलं निमंत्रण कुणालाच आपलं वाटत नाही. सत्राच्या सकाळी हॉल बदलला नाही ना, हे आयोजकांना विचारून ‘येतो’ म्हणालेल्यांना एक ओळ. एवढं पुरे; रोज आठवण केली की लोक मेसेज उघडेनासे होतात.