कोस्टा रिकाची अभ्यास सहल : पैसे भरण्याआधी

कुडाळजवळच्या एका आंबा-काजू बागायतदारांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बी.एस्सी. (कृषी)च्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये कोस्टा रिकाला तीन आठवड्यांची 'उष्णकटिबंधीय शेती व परिसंस्था अभ्यास सहल' नेणारी एक खासगी संस्था तिच्या कॉलेजात येऊन गेली. मुलीला जायचंच आहे. वडील विचारतात : कर्ज काढून पाठवावं का, आणि पुढे त्याचा उपयोग किती?

नमस्कार,

या सहलीचे पैसे भरू नका. मुलीने निवडलेला देश मात्र अगदी योग्य आहे. पदवी हातात आल्यावर, तयारी करून, एखाद्या संशोधन केंद्रावरच्या कोर्सला तिला जरूर पाठवा.

तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकात २१ दिवसांत ११ मुक्काम आहेत. एका ठिकाणी दोन रात्री म्हणजे पहिला दिवस परिसर ओळखण्यात जाणार आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरायची. यात मोजमापाला वेळच उरत नाही. चांगल्या कोर्समध्ये एका केंद्रावर निदान आठवडाभर मुक्काम असतो आणि विद्यार्थी स्वतः प्रश्न ठरवून छोटा प्रकल्प करतो. त्यांना तीन गोष्टी लेखी विचारा : प्रकल्पाला किती दिवस राखून ठेवलेत, आकडेमोड कोण शिकवणार, आणि श्रेयांक कोणत्या विद्यापीठाचे. पावतीही बघा. त्यावर 'टूर पॅकेज' लिहून टीसीएस (परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याने गोळा करायचा कर) लावणार असतील, तर ते स्वतःच याला सहल म्हणताहेत.

आता खऱ्या जागा. ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज ही विद्यापीठांची संघटना १९६३पासून कोस्टा रिकात क्षेत्रीय कोर्स घेते. तिची केंद्रं ला सेल्व्हा, लास क्रूसेस आणि पालो वेर्दे. तुरियाल्बाला 'कातिए' ही कृषी संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे. ग्वासिमोचं 'अर्थ' (EARTH) हे कृषी विद्यापीठ नावाजलेलं आहे, पण तिथे चार वर्षांची पदवी असते. तुमच्या मुलीला ते आता कामाचं नाही.

कोकणातल्या मुलीने ला सेल्व्हाच्या नावावर भाळू नये. तिथे वर्षाला सुमारे ४,००० मिमी पाऊस पडतो, म्हणजे आपल्यापेक्षा फार जास्त नाही. पण तो बाराही महिने विभागलेला असतो, आपला चार महिन्यांत कोसळून जातो. तिथली केळी-कोकोची पद्धत उचलून इथे लावली, तर जानेवारीनंतर बाग सुकते. पालो वेर्दे ज्या ग्वानाकास्ते प्रांतात आहे, तिथे डिसेंबर ते एप्रिल कोरडा असतो, झाडं पान गाळतात आणि आंब्याच्या बागा आहेत. तिच्यासाठी तोच भाग जास्त शिकवणारा आहे.

दुसरी जागा तुरियाल्बा. कातिएमध्ये २०००पासून कॉफीचा एक दीर्घकालीन प्रयोग चालू आहे : उघड्यावरची कॉफी आणि वेगवेगळ्या झाडांच्या सावलीतली कॉफी, रासायनिक आणि सेंद्रिय, सगळी शेजारी शेजारी. सावलीच्या झाडांत पोरो आहे, आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद. वर्षातून दोनदा त्याची छाटणी करून पाला कॉफीच्या बुंध्याशी टाकतात. पांगाऱ्यावर मिरी चढवणाऱ्या घरातल्या मुलीला तिथे विचारायला पुष्कळ सुचेल.

विद्यार्थी नेमके इथेच फसतात. समजा प्रश्न असा घेतला की सावलीत कॉफीवर तांबेरा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) कमी येतो की जास्त. मुलं एक सावलीतला आणि एक उघडा प्लॉट निवडतात, प्रत्येकी ३० झाडं तपासतात आणि ३० नमुने झाले असं धरतात. प्रत्यक्षात नमुना एकेकच झाला. दिसलेला फरक सावलीमुळे की उतारामुळे, जातीमुळे की मातीमुळे, हे सांगताच येत नाही. सावलीचे सहा आणि उघडे सहा प्लॉट घ्यायचे, प्रत्येकात १० झाडं तपासायची आणि प्लॉटची सरासरी हा एक नमुना धरायचा. झाडावरचा फळांचा भारही मोजायचा. भार जास्त तर तांबेरा जास्त, आणि सावलीत भार कमी असतो. उलट सावलीत पान जास्त वेळ ओलं राहतं, ते बुरशीला पोषक. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात, म्हणून भार न मोजता काढलेला निष्कर्ष लंगडा राहतो.

याचा सराव तुमच्याच काजूच्या बागेत होईल. नव्या पालवीवर आणि मोहरावर ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो, तेव्हा याच पद्धतीने बागेचे सहा दाट आणि सहा विरळ तुकडे घेऊन तिने नोंदी ठेवाव्यात. झाडांचा घेर मोजताना एक लक्षात ठेवा : आपला वनविभाग जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतो, तिकडच्या संशोधनात १.३० मीटर धरतात. वहीत उंची लिहिली नसेल, तर दोन्हीकडची आकडेवारी जुळवताना घोळ होतो.

वेळेचं गणित. सातव्या सत्रात रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) आहे, कृषिकन्या म्हणून गावात हजेरी सक्तीची. जूनची सहल लांबली की थेट त्यावर येते. शिवाय कोस्टा रिकाच्या मध्य खोऱ्यात कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. जूनमध्ये गेलं, तर तिथली तोडणी आणि प्रक्रिया केंद्रं चालू दिसणार नाहीत. पदवीनंतरचा जानेवारी सर्वांत सोयीचा.

भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो, दूतावास दिल्लीत आहे. थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात, तर नुसतं विमान बदलायलाही तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो, म्हणून आधी मार्ग ठरवा आणि मगच तिकीट काढा. जोडून पनामा किंवा कोलंबिया करणार असाल, तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल, तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

बुटांकडे फार कमी लोक लक्ष देतात. केळीचा पनामा रोग, त्यातला टीआर४ हा प्रकार, मातीतून पसरतो. तो भारतात काही राज्यांत आहे आणि २०१९ला कोलंबियातही सापडला. त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षं तग धरतात. इथल्या शेतात वापरलेले बूट तिकडे नेऊच नयेत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिथेच घ्यावेत. तेर्सिओपेलो या विषारी सापामुळेही ते लागतातच. केळीबागेच्या दारात जंतुनाशकाचं पाय बुडवायचं कुंड असतं. त्यात उतरण्याआधी चिखल ब्रशने घासून काढायचा, कारण चिखलाच्या थराखाली औषध पोचत नाही. परत येताना बी, रोप, माती यातलं काही आणू नये. त्यासाठी आधीच आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

शेतकऱ्यांशी बोलायला स्पॅनिश हवं. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात ते शिकवतात. ए२ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचं साधं बोलणं जमेल इथपर्यंत पोचली तरी तिचं काम भागेल. जेवण शाकाहारी हवं असेल, तर भात-घेवडा सगळीकडे मिळतो, पण घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. 'सिन मांतेका' एवढं म्हणायला शिकून घ्यावं.

उपयोगाबद्दल स्पष्ट सांगते. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत या कोर्सचा एकही गुण मिळत नाही. मात्र कृषिवानिकीत पुढे संशोधन करायचं असेल, किंवा कॉफी-मसाल्याचं प्रमाणीकरण, कार्बन प्रकल्प अशा कामांत शिरायचं असेल, तर स्वतः आखलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि शिकवणाऱ्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र यांना वजन असतं. सहलीचं प्रमाणपत्र तिथे कोणी विचारत नाही. कर्ज मात्र काढू नका. सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या बहुतेक एम.एस्सी.-पीएच.डी.सारख्या पदव्यांसाठी असतात, छोट्या कोर्सना नाहीत. म्हणून कोर्स घेणाऱ्या संस्थेकडेच शुल्कसवलत मागावी. अर्जासोबत काजूच्या बागेतल्या नोंदींचा दोन पानी अहवाल जोडावा : प्रश्न, प्लॉटचा नकाशा, एक तक्ता आणि काय चुकलं ते.