काळ्या रानात घर बांधायचंय, सॉईल टेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न : निपाणीजवळ प्लॉट हाय, सगळी काळी माती. एप्रिलमधे टेस्ट केली. पाच फुटावर एन व्हॅल्यू 18, लिक्विड लिमिट 68, प्लॅस्टिक लिमिट 30, फ्री स्वेल 110. कॉन्ट्रॅक्टर म्हणाय लागलाय 18 म्हणजे जमीन टणक, चार फुटावर फुटिंग, म्हणजे खांबाचा पाया, टाकूया. खानापूरला मेव्हण्याचं घर तेवढ्यावरच उभं हाय. पण आमच्या शेजारच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरक्या भेगा गेल्यात. कुणाचं ऐकू?

उत्तर : मेव्हण्याचं घर पहिलं बाजूला ठेवा. खानापूरकडं जांभा आणि तांबडी माती, ती पाणी प्यायली तरी फारशी फुगत नाही, तुमची काळी फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, रानात पाय अडकेल एवढी भेग तुम्ही बघितलीच असणार.

आता ते 18. टेस्टसाठी मारलेल्या बोअरच्या तळाला नळी ठेवून 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरनं टाकत राहतात, पहिले 15 सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढचे 30 जायला किती ठोके लागले ते मोजायचं, झाली एन व्हॅल्यू. एप्रिलात काळी माती वाळून दगड झालेली असती, ठोके जास्त लागणारच! तीच बोअर ऑगस्टात मारली असती तर आकडा बराच खाली आला असता. आणि माती किती फुगणार हे तर त्यातनं कळतच नाही, त्यामुळं कॉन्ट्रॅक्टरनं नेमका चुकीचा आकडा धरलाय.

खरी गोष्ट बाकीच्या तिन्हीत हाय. ओल्या मातीची वळी हातानं वळत वळत 3 मिलीमीटरला आली की तुटाय लागते, त्या वेळचा ओलावा म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. लिक्विड लिमिट म्हणजे माती पातळ होऊन वाहायच्या बेताला येते तो ओलावा. तुमच्या 100 ग्रॅम कोरड्या मातीला तिथवर जायला 68 ग्रॅम पाणी लागतंय, भारतीय मानकात 50 च्या वर गेलेली चिकणमाती सीएच, म्हणजे सगळ्यात चिवट गटात. फ्री स्वेलला 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमधे टाकून 24 तास ठेवतात. रॉकेलमधे ती फुगत नाही. 110 चा अर्थ 110 टक्के जादा, म्हणजे पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा दुपटीहून जास्त जागा खाऊन बसली. त्यात एकमजली घर हलकं, फुगणाऱ्या मातीला दाबून धरायला वजनच नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या भिंतीला भेगा.

इंजिनिअरला एकच विचारा, काळी किती खोल हाय? सहा-सात फुटावर घट्ट मुरूम लागत असेल तर सरळ तिथवर जा, खर्च वाढला तरी. खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर गोळा असलेले खांब, आणि प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या बीमच्या) खाली मोकळी फट ठेवायला लावा, नाहीतर माती बीमलाच उचलती. नुसता सैल मुरूम ओतून पाया भरू नका, त्यात पाणी साठून उलट खालची माती वर्षभर भिजत राहील. पत्र्याचं, न्हाणीचं पाणी जोत्याला लागून सोडायचं नाही.

प्रश्न : शेतीची माती तपासून सॉईल हेल्थ कार्ड मिळालंय. घराला तेच चालेल काय?

उत्तर : नाही चालत. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू (पीएच) असतोय, तो उसाला उपयोगी. पायासाठी वेगळी बोअर मारावीच लागते.