उसाच्या रसाचा गूळ होणं : भौतिक बदल की रासायनिक?

ताई, तुमच्या नववीतल्या लेकीला चाचणीत विचारलं होतं, उसाच्या रसाचा गूळ होणं हा कोणता बदल? तिने लिहिलं, 'भौतिक, कारण रसातलं पाणी उडून जातं आणि गोड पदार्थ तोच राहतो.' त्यावर फुली बसली आणि शेजारी शेरा आला, 'रासायनिक. गुळाचा परत रस होत नाही.' यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

लेकीचं कारण बरोबर आहे. शेऱ्यातलं कारण चूक आहे. गुळात रासायनिक बदलही होतात, पण ते या कारणाने सिद्ध होत नाहीत. मी कराडजवळ कृष्णाकाठी वाढले, घरचं गुऱ्हाळ होतं आणि पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो नियम बघू. 'परत फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक' हे वाक्य मुलं घोकतात आणि परीक्षेत चालूनही जातं. पण गहू दळून पीठ केलं, त्याचे परत गहू होतात का? नाही. तरी पिठात गव्हातलेच पदार्थ आहेत, नवीन काही तयार झालं नाही. आता उलट बाजू. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लालभडक होतो. साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन काढून घेतला जातो आणि रेणूची प्रकाश शोषायची पद्धतच बदलते. चुना घालून हळदीचं कुंकू होतं तेही याच कारणाने. हा रासायनिक बदल आहे, पण वरून लिंबू पिळलं की डाग परत पिवळा. म्हणजे फिरला की!

चुन्याचं तर अख्खं चक्रच आहे. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होते. निघाली तिथेच परत आली, आणि वाटेतला एकेक टप्पा रासायनिक.

म्हणून मुलांनी विचारायचा प्रश्न एकच : रेणू तेच राहिले का?

आता काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी येऊ. उसाच्या रसात बहुतांश पाणी असतं, आणि त्यात विरघळलेली साखर, म्हणजे सुक्रोज. शिवाय थोडी आम्लं, प्रथिनं, क्षार. खाली चुलवाणात चिपाडं धडधडत असतात. रस तापला की चुन्याची निवळी घालतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहतात. निवळीने रसातलं आम्ल मारलं जातं, हा सरळसरळ रासायनिक बदल. भेंडीचा चिकट रस मात्र मुख्यतः गाळ धरून वर आणायचं काम करतो.

मग तासन् तास चालतं ते आटवणं, आणि इथे तुमची लेक बरोबर आहे. पाणी वाफ होऊन जातं, सुक्रोजचा रेणू बहुतांशी सुक्रोजच राहतो. एक गोष्ट मात्र तिला जरूर दाखवा. शुद्ध पाणी उकळत असताना कितीही जाळ घाला, तापमान १०० च्या आसपासच थांबतं. (महाबळेश्वरला ९५-९६ ला, कारण ते साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे.) रसाचं तसं होत नाही. पाणी कमी होत जातं तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उत्कलनांक चढत जातो. १०५ च्या आसपास काकवी, ११६ ते ११८ ला गूळ. ठरावीक उत्कलनांक शुद्ध पदार्थाला असतो, मिश्रणाला नाही, हा धड्यातला गुणधर्म काहिलीत उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आमचा गुळव्या थर्मामीटर वापरत नसे. उलथन्यावर आलेला पाक थंड पाण्याच्या वाटीत सोडायचा आणि बोटांनी चाचपायचा. पाक पाण्यात पसरला तर अजून वेळ आहे. गोळी झाली, ती वाटीच्या काठावर मारली आणि खणखणीत आवाज आला, की हाक : उतरवा! एका मिनिटाचा उशीर झाला तरी गूळ करपायचा. तो बोटांनी मोजत होता ते पाकात उरलेलं पाणीच.

आता रासायनिक बाजू, जी दिसत नाही पण नुकसान करते. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून तोडलेला ऊस तीन दिवस फडातच पडून राहिला. गुळव्याने रसाचा वास घेतला आणि वडिलांना म्हणाला, "दादा, रस शिळा झालाय, ह्यो गूळ रवा धरायचा न्हाई." रवा धरणं म्हणजे साखरेचे कण जमून गूळ घट्ट होणं. तसंच झालं, रवा धरलाच नाही. साच्यात ओतलेला गूळ दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता, ढेप काढताना खाली बसली. चार आधणं, म्हणजे चार काहिलींचा गूळ, वाया गेला, आणि वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

का झालं ते मला अकरावीत कळलं. ऊस तोडला की त्यातली विकरं (एन्झाइम) आणि आम्ल सुक्रोजचा रेणू फोडायला लागतात. एक रेणू सुक्रोज अधिक एक रेणू पाणी, त्यातून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. हिशेब करून बघा : ३४२ ग्रॅम सुक्रोजला १८ ग्रॅम पाणी, मिळून ३६०. ग्लुकोज १८० आणि फ्रुक्टोज १८०, मिळून ३६०. ग्रॅमभरही इकडेतिकडे नाही. रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिएने १८ व्या शतकात तराजू घेऊन सांगितलं, तेच आमच्या फडात घडत होतं. नवीन झालेल्या दोन साखरा रवा लवकर धरत नाहीत, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं त्यात याचा मोठा वाटा आहे. रसात निवळी घालण्यामागचं शहाणपणही हेच, आम्ल मारलं की काहिलीत तापताना हे फुटणं मंदावतं.

रंगसुद्धा रासायनिकच. कडेला पाक जास्त तापतो, साखर आणि प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि तपकिरी, खमंग वासाचे नवे रेणू तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार याने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. साताऱ्याचा कंदी पेढा भाजून खमंग होतो तो याच क्रियेने.

आणि बाजारात फिक्कट पिवळाधमक गूळ दिसतो ना, त्याबद्दल कळकळीने सांगते. बऱ्याचदा तो रंग 'हायड्रॉस' म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालून काढलेला असतो. तेही रसायनशास्त्रच आहे, रंगाच्या रेणूंचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन ते फिके पडतात. पुढे हवेतल्या ऑक्सिजनने तो गूळ पुन्हा काळवंडत जातो. बघा, हा रासायनिक बदलही परत फिरलाच. घरात मुलं असतील तर तांबूस-काळसर गूळच घ्या.

तेव्हा लेकीला माझं उत्तर असं द्या : रस आटणं आणि गुळाने रवा धरणं भौतिक. निवळीने आम्ल मारलं जाणं, सुक्रोज फुटणं, रंग चढणं रासायनिक. मुख्य काम पाणी घालवायचं असल्यामुळे तिचं 'भौतिक' पूर्ण चूक नाही, आणि दिलेलं कारण तर शेऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. बाईंशी किंवा सरांशी भांडायला जाऊ नका. हळदीची ओली पट्टी, चिमूटभर खायचा सोडा आणि लिंबू घेऊन तिला वर्गात पाठवा. पट्टीवर सोडा टाकून लाल, लिंबू पिळून पिवळी. शिक्षकांना दोन मिनिटांत पटेल.

हंगाम सुरू झाला की तिला एखाद्या गुऱ्हाळावर घेऊन जा. थर्मामीटर नेणार असाल तर शाळेतला ११० अंशांपर्यंतचा नेऊ नका, काकवी झाल्यावर थोड्याच वेळात पारा वर टेकेल आणि नळी फुटेल. २०० पर्यंतचा घ्या, तो गुळव्याच्या हातात द्या आणि तिला काहिलीपासून चार हात लांब उभी करून दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहायला सांगा.