रंकाळ्याचं गणित समुद्राला लावू नको

भावा, कोल्हापूरचा रंकाळा तलाव हिरवा झाला की आपण सांडपाण्याला बोल लावतो. समुद्र हिरवा होतो तो प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांनी, आणि तिथं नुसत्या सांडपाण्यावर भागत नाही. पावसाळी वाऱ्यानं वरचं पाणी किनाऱ्यापासून सरकतं, खालचं गार, नायट्रेटनं (प्लवकांच्या खतानं) भरलेलं पाणी उथळ पट्ट्यात वर येतं. केरळकडं हे जास्त ठळक. पण खत आलं तरी ऊन पाहिजेच, गढूळ पाण्यात वाढ अडते.

उत्तर अरबी समुद्राची तऱ्हा उलटी: हिवाळ्यात वरचं पाणी गार, जड होऊन बुडतं, खालचं ढवळून वर येतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चात नॉक्टिल्युका या रात्री चमकणाऱ्या प्लवकाचा हिरवा थर.

जुलैचा उपग्रह-नकाशा कोरा दिसला म्हणून ‘प्लवक नाही’ लिहू नको, ते ढग असतात. मी लिहिलं होतं, लई हसले सगळे! आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा, रात्री लाट चमकली तर बाटलीत पाणी धर, अंधारात हलव. निळी ठिणगी दिसेल.