पहिल्याच हंगामात पोपटांनी गाठले असेल तर

आपण लिहिले आहे की पाखरे ज्वारी खात आहेत; परंतु कोणती पाखरे, हे ठरवल्याशिवाय खर्च करू नये. उद्या तांबडे फुटताच बांधावर उभे राहून नीट पाहावे. चिमण्या आणि सुगरणी कणसावर बसून एकेक दाणा टिपतात, तर लाल चोचीचा, लांब शेपटीचा राघू कणसाचा तुकडाच तोडून पायात धरतो, थोडे खातो आणि उरलेले खाली टाकतो. त्यामुळे ताटाखाली कुरतडलेल्या कणसांचा सडा दिसला, तर तो पोपटच समजावा.

नवख्यांची मोठी चूक वेळेची असते. दाणा चिकात येताच, म्हणजे दाबल्यावर दुधासारखा चीक निघू लागताच, राखण सुरू करावी, कारण थव्याला एकदा शेताची चटक लागली की तो हटत नाही. सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि दिवस मावळण्यापूर्वीचा वेळ महत्त्वाचा. भर दुपारी डबा बडवून आपणच दमतो.

चमकणारी फीत पीळ देऊन, पिकाच्या वर फूटभर उंचीवर ताणावी. बुजगावणे उभे करून निर्धास्त होऊ नये. माझ्या बुजगावण्याच्या खांद्यावर चौथ्या दिवशी एक राघू बसलेला मी स्वतः पाहिला आहे. म्हणून जागा आणि उपाय दर दोन-तीन दिवसांनी बदलावेत, आणि गोफण केवळ आवाजापुरती फिरवावी.

विष घालणे किंवा फासे लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. जाळीचा विचार सध्या नको. ती फळबागेला परवडते.