गणेशपेठला एसटीतून उतरून म्हाताऱ्या आईबाबांसोबत नागपूर स्टेशनवर गाडी कशी गाठावी?

आधी तिकिटावरचं स्टेशनाचं नाव नीट वाचा. काही गाड्या अजनीहून किंवा इतवारीहून सुटतात. गणेशपेठहून आटो लगेच मिळतो, पण बसण्याआधी प्लॅटफॉर्म बघून घ्या, कारण स्टेशनला दोन तोंडं आहेत. पश्चिमेला १९२५ ची दगडी इमारत, तिथून एक नंबर समोरच. पूर्वेला संत्रा मार्केट, तिथून आठ नंबर जवळ. भलत्या बाजूला उतरलात तर सामानासकट अख्खा पूल ओलांडावा लागतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचे त्यात फार हाल होतात. प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलूही शकतो, म्हणून रेल्वे चौकशीच्या १३९ नंबरवर फोन करून विचारलं असलं तरी घोषणेकडे कान ठेवा. आईबाबांना तुमच्या डब्याचा नंबर दाखवणाऱ्या पाटीजवळच बसवा.